नखाला न लागणारा जोड

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला अख्खा बाजार टरकून असायचा. बाजार म्हणजे तरी कोण? जुने स्पीकर पोटच्या पोरासारखे जपणारी वेडी माणसं, आणि त्या स्पीकरांची फुटलेली लाकडी खोकी दुरुस्त करणारे आमच्यासारखे चार कारागीर. त्या चारांत बाबा पहिले. तसं ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्यावर कशाला सोपवायचं!

आमच्या दुकानाची एक रीत होती. काम झालेलं खोकं गिऱ्हाइकासमोर बाकावर ठेवायचं. बाबा डोळे मिटणार आणि लाकडावरून सावकाश नख फिरवणार. विनियरचा, म्हणजे खोक्यावर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, नवा तुकडा जुन्याला जिथं भिडतो, तिथं नख जरा जरी अडलं की संपलं. पटाशी घालून जोड तिथल्या तिथं उचकटायचा आणि काम पुन्हा पहिल्यापासून. नख नाही अडलं, तर दोन शब्द बोलायचे: "सापडत नाही." बस. याहून मोठं कौतुक त्या घरात कुणी कुणाचं केलं नाही.

माझ्या नवऱ्याचा पहिलाच जोड त्यांनी गिऱ्हाइकांसमोर उचकटला होता. वर म्हणाले, "याला स्वयंपाकघरात पोळपाट घासायला द्या." त्या दिवसापासून यांनी लाकडाला हात लावला नाही. आतल्या खोलीत बसून स्पीकरच्या वायरी जोडत राहिले. बाकावरची ती रिकामी जागा मी धरली. बाईच्या हातात पटाशी शोभत नाही, असं बाबा म्हणाले. मग कामाचा ढीग बघून गप्प बसले.

मी शिकले. कुणी शिकवलं नाही, चोरून बघून शिकले. ठेचलेलं लाकूड ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून कसं फुगवायचं, सरस किती पातळ ठेवायचा, खोक्याच्या तळाचं विनियर सोलून ते वरच्या जखमेवर कसं बसवायचं, म्हणजे रेघेला रेघ मिळते. सगळं आलं. एक सोडून. ते दोन शब्द काही माझ्या वाट्याला आले नाहीत. दरवेळी नख अडायचं. दरवेळी पटाशी. आणि दरवेळी गिऱ्हाइकाकडे बघून, "सूनबाई आहेत, करतात आपलं जमेल तसं." मी मोरीत जाऊन रडायचे. खोटं कशाला सांगू, मला ते दोन शब्द हवे होते. दागिना मागावा तसे हवे होते.

एकदा सकाळी सरसाचा डबा चुलीवर रटरटत होता. मी चिमटा शोधत होते. बाबांनी तो उकळता डबा हातानेच उचलला. उचलला, आणि हातात धरून मला नेहमीसारखं झापत उभे राहिले, की चिमटा जागेवर ठेवायची अक्कल नाही, आईबापांनी काय शिकवलं म्हणून. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. डबा ठेवला तेव्हा अंगठ्याचं कातडं डब्याला चिकटून आलं होतं. त्यांना पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी फोड बघून म्हणाले, "काहीतरी चावलं वाटतं."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथं ज्याचं जळलं त्यालाच कळलं नव्हतं.

मग मला एकेक जोड आठवायला लागला. त्यांच्या अंगठ्याला काही लागत नव्हतं. कधीपासून, देव जाणे. अंगठा बधिर झालाय हे त्यांना स्वतःला मात्र पक्कं ठाऊक असणार. सगळंच पास करावं, तर एखादा वाईट जोड सुटेल आणि बिंग फुटेल. सगळंच नापास केलं, तर नाव आणखी मोठं होतं, म्हातारा बघा किती कडक! माझे चांगले चांगले जोड त्यांनी स्वतःची लाज झाकायला फोडले होते.

मी यांना सांगितलं. हे वायरीवरून नजर न काढता म्हणाले, "झाकली मूठ राहू दे. आता किती दिवसांचे आहेत ते?"

"आणि माझे दिवस?" मी म्हटलं.

यांनी पुढची वायर सोलायला घेतली.

त्याच सुमारास दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे जुन्या स्पीकरांची जोडी आली होती. एकाच अक्रोडाच्या लाकडातून काढलेली, जुळ्या बहिणींसारखी. सामान हलवताना हमालांनी एक पाडला होता. त्याचा वरचा उजवा कोपरा चेचला होता आणि विनियर तळहाताएवढं उडालं होतं. दुसऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. बाई म्हणाल्या, "दोन्ही ठेवून घ्या, रंग जुळवायला बरं पडेल." बाबांनी तो चेचलेला कोपरा नीट बघून घेतला.

त्या कामात मी जीव ओतला. असा जोड मी आधी केला नव्हता, पुढे होईल की नाही सांगता येत नाही. माझं मलाच नख लावून सापडेना.

बाई न्यायला आल्या. बाबा धुतलेला सदरा घालून बाकापाशी आले. असा खेळ दाखवायचा असला की ते आंघोळसुद्धा लवकर करायचे. मी खोकं बाकावर ठेवलं. न पडलेलं, कुणी हात न लावलेलं खोकं. दुरुस्त केलेलं माझ्या मागे जमिनीवर होतं. बाई चष्मा पुसत होत्या.

"हेच ना?" बाबांनी विचारलं. त्यांची नजरही अधू झाली होती.

"हेच," मी म्हटलं.

हे आतल्या खोलीच्या दारात उभे होते. त्यांच्या लक्षात आलं. मला मान हलवून नको म्हणाले. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

बाबांनी डोळे मिटले. नख फिरवलं. वरच्या उजव्या कोपऱ्यावर आले, थांबले, हसले.

"आहे," म्हणाले. "हा बघा. कितीदा सांगितलं हिला." आणि पटाशी उचलून हातोडीचा ठोका घातला.

माझ्या तोंडून अगदी शेवटच्या क्षणी "अहो" निघालं असतं. मी ते गिळलं.

विनियर कडकन फाटलं. बाई किंचाळल्या, "अहो, काय करताय? हा पडलेला नाहीच! पडलेला तो खाली आहे!"

बाबांनी डोळे उघडले. एकदा बाकावरच्या खोक्याकडे, एकदा जमिनीवरच्या खोक्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. ते सगळं समजले होते. मी तिथं थांबायला हवं होतं असं हे अजून म्हणतात. मी थांबले नाही. ब्लाउजची टाचणी काढली, बाबांचा अंगठा धरला आणि बाईंना म्हटलं, "तुम्ही डॉक्टर आहात, बघा." टाचणी टोचली. चांगली खोल आत गेली. बाबा माझ्या तोंडाकडेच बघत होते. रक्ताचा थेंब अक्रोडावर पडला, तेव्हा कुठं त्यांनी खाली बघितलं.

"बस कर गं," हे म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आवाज चढला यांचा, तोही माझ्यावर.

मला आनंद झाला होता. पाप म्हणा हवं तर. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

बाईंची मी माफी मागितली आणि दुसरं खोकंही दुरुस्त करून द्यायचं कबूल केलं. बिचाऱ्या बाई बाबांकडे न बघताच गेल्या. बातमी मात्र थांबली नाही. संध्याकाळपर्यंत बाकीच्या तीन कारागिरांना कळलं, आणि पुढच्या आठवड्यात लोक सरळ मलाच विचारत येऊ लागले. बाबा खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचे. ओरडणं बंद. चहा दिला की घ्यायचे, गरम आहे का थंड हे मला विचारून.

त्या दुसऱ्या खोक्याचा जोडही मी तसाच केला, तळाचं विनियर सोलून. पॉलिश वाळलं. मी ते बाकावर ठेवलं आणि हात पुसायला वळले, तर बाबा उठून आलेले. कुणी बोलावलं नव्हतं, गिऱ्हाईकही नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि नख फिरवलं, पहिल्यासारखंच सावकाश, या कडेपासून त्या कडेपर्यंत. कोपऱ्यावरून दोनदा. टाचणीची खपली अजून अंगठ्यावर होती.

मी श्वास धरून उभी राहिले. सगळं माहीत असून उभी राहिले, मूर्खासारखी.

"सापडत नाही," बाबा म्हणाले.

मग अंगठा माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "मिळालं ना तुला, हवं होतं ते?" आणि जाऊन स्टुलावर बसले.

मी त्या जोडावरून माझं नख फिरवलं. मला तो लागला. अगदी केसाएवढा, पण लागला. मी पटाशी घेतली, हातात धरली आणि परत जागेवर ठेवली. बाई दुपारी येऊन दोन्ही स्पीकर घेऊन गेल्या, काम छान झालं म्हणाल्या.