राजाने कानामागे हात नेला

त्याला सगळे रांजण म्हणत. बोलायला लागला की आवाज रांजणाच्या तळातून यावा तसा घुमायचा. शेजारची तान्ही मुलं त्या आवाजाने झोपत आणि मोठी माणसं दचकून उठत. हा आवाज घेऊन तो दोन दगडांवर पाय ठेवून होता. एरवी काळा कोट घालून, माइकशिवाय, पियानोच्या साथीने पाश्चात्त्य शास्त्रीय गाणी. शनिवारी चामड्याचं जाकीट चढवून गिटारवाल्यांबरोबर मैदानात धुमाकूळ.

बाईंना हा धुमाकूळ मुळीच खपत नसे. बाई म्हणजे त्याच्या गुरू. आईने याला बोलायला शिकवलं असेल, पण श्वास घ्यायला मी शिकवलं, असं त्या चारचौघांत सांगत. त्यांनी निर्वाणीचं बजावलं होतं, "त्या धांगडधिंग्यातला एक जरी चाळा माझ्यासमोर केलास, तर गुरू म्हणून माझं नाव सांगू नकोस." रांजणाने बाकी काहीही सोसलं असतं, पण बाई तुटल्या असत्या तर तो कोलमडलाच असता.

म्हणून त्या दिवशी मोठ्या सभागृहात, बाईंसमोर, तो खांबासारखा उभा राहून गायला. शेवटचं गाणं मरणाऱ्या राजाचं. खोकणाऱ्यांनीसुद्धा खोकला गिळला. सूर खाली, आणखी खाली नेत रांजणाने विचारलं, "कोण रडेल माझ्यासाठी?"

आणि हात आपसूक कानामागे गेला! शनिवारची सवय. दुसरा तर लोकांकडे पसरलासुद्धा: चला, आता तुम्ही!

पियानोवाल्याची बोटं थिजली. रांजणाला दरदरून घाम फुटला. हात खाली घ्यावा तर चूक कबूल केल्यासारखं, आणि तसाच ठेवावा तर राजा बहिरा.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक पातळ, थरथरता आवाज उठला. "कोण रडेल माझ्यासाठी?" बाई! उभ्या राहून, डोळे मिटून गात होत्या. मग मागच्या रांगा गायल्या, दारावरचा तिकीटवालाही गायला. एवढ्या गाजावाजात तो राजा आजवर कधी मेला नव्हता.

पडद्यामागे रांजण मान खाली घालून उभा राहिला. "बाई, चुकलो. तुमचं नाव आता..."

"गप रे!" बाईंचा चेहरा लालबुंद झाला होता, पण रागाने नव्हे. "जन्मभर पहिल्या रांगेत बसले. सगळ्यांना गायला लावलं. बाई, आता तुम्ही गा, असं मला कुणी म्हटलंच नाही कधी."

रांजणाने मान वर करून बाईंकडे पाहिलं.

"बघतोस काय नुसता? शनिवारी मैदानावर किती वाजता यायचं ते सांग. आणि पट्टी जरा वर घे, तुझ्या त्या पाताळात माझा आवाज पोचत नाही."