दियाबच्या काठीची कहाणी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. जाड वेताची, पुरुषाच्या छातीएवढी उंच. माझं वय विचारू नका, ते मलाही ठाऊक नाही. पण आता मी गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्याच्या हातात दिसते म्हणून मला औषधाच्या बाटलीसारखी समजू नका. माझा जन्म टेकायला झालेलाच नाही, नाचायला झालाय.

पीरबाबाच्या जत्रेत एका कारागिराने मला विस्तवावर धरून सरळ केलं आणि तेल चोळून चोळून काळीभोर केलं. उंच कपाळाचा एक तरुण आला, त्याने मला हवेत गरकन फिरवलं आणि म्हणाला, "हीच." तो माझा धनी, दियाब. आमचं गाव नाईलच्या पश्चिम काठावर, उसाच्या मळ्यांत. आमच्याकडे लग्नात ढोल-सनई सुरू झाली की दोन गडी समोरासमोर येतात आणि काठ्या खेळतात. दियाब उतरला की पोरी गच्चीवर गर्दी करायच्या. त्यांतली एक बहिया. पुढे ती त्याची बायको झाली, आणि त्यात माझा वाटा मोठा आहे असं मी आजही म्हणते.

मग लढाई लागली. रमजानचा महिना होता. फौजेने दोन समुद्र जोडणारा मोठा कालवा ओलांडून पलीकडच्या शत्रूवर चाल केली, त्यात दियाबही होता. मी घरी खुंटीला. तो परतला तेव्हा त्याच्या मांडीत आणि गुडघ्यात तोफगोळ्याचे तुकडे होते. इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या पोराला दोन्ही पाय नव्हते. त्याच्यासमोर "माझा गुडघा दुखतो" म्हणायची दियाबला लाज वाटली. "मी ठीक आहे" असं सांगून हा भला माणूस गहू कापणीला घरी आला. गावाने त्याला खांद्यावर घेतलं, शरबत वाटलं. पहिल्याच लग्नात लोकांनी त्याला आग्रहाने रिंगणात ओढलं. दोन फेऱ्या झाल्या आणि त्याचा पाय मुडपला. त्याने पटकन मला जमिनीवर रोवलं आणि जणू वडीलधाऱ्यांना सलाम करतोय असा वाकून उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा सगळा भार माझ्यावर होता, हे फक्त मला कळलं.

त्यानंतर वर्षामागून वर्षं गेली. चारचौघांत तो मला खांद्यावर आडवी टाकून ऐटीत चालायचा, आणि मळ्याच्या वळणाआड गेला की माझ्यावर रेलायचा. मला राग यायचा. अरे, टेकायचं तर उघड टेक ना! पण काठीचं कोण ऐकतं? हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की तो दुसऱ्यांच्या मळ्यात मजुरीला जायचा. बुंध्याशी वाकून ऊस तोडायचा आणि मोळी पाठीवर घेऊन उंटापर्यंत चालायचं. साठी उलटली तरी तेच.

शेवटी बहियाने त्याला फैलावर घेतलं. "अहो, तुमच्या बरोबरीच्या जखमींना फौजेची पेन्शन मिळते. तुम्ही काय लग्नाला गेला होतात तिकडे? अर्ज करा. नाहीतर यंदाही उसात जाल, आणि मला तुम्हाला उंटावर घालून परत आणावं लागेल."

त्याने अर्ज केला. पाय तपासायला शहरातून डॉक्टर मुनीर आले, सोबत एक कारकून. आणि मित्रांनो, इथेच त्याने माती खाल्ली.

जीप दिसताच दियाबने मला दाराआड लपवलं. मला! स्वतः रस्त्यापर्यंत सामोरा गेला. आमच्याकडे पाहुणा बसतो आणि यजमान उभा राहतो, मग तो नव्वदीचा का असेना. त्याने पाहुण्यांच्या हातावर स्वतः पाणी ओतलं. गव्हाची भरड भरलेली कबुतरं आणि पीठ उन्हात फुगवून भाजलेली भाकर, सगळं परातीतून स्वतः आणलं. चहासाठी चार वेळा आत-बाहेर केलं.

"काका, पाय कसा आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"देवाची कृपा. तुम्ही आलात, सगळं दुखणं पळालं. आणखी एक कबूतर घ्या, लहानसंच आहे."

जीपमध्ये पेरूंची टोपली ठेवून, हात हलवून तो परतला आणि ओट्यावर बसला, तो अंधार पडेपर्यंत उठू शकला नाही. बहियाने त्याला धरून आत नेलं.

महिन्याभराने उत्तर आलं. शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं: चालण्यात काही अडचण आढळली नाही.

"आढळेल कशी?" बहिया म्हणाली. "कबुतरांखाली दडली होती ना. अहो, ते पाहुणे नव्हते, तपासायला आले होते!"

"दारात आला तो पाहुणा. मी बसून राहू आणि परका माणूस स्वतःच्या हाताने पाणी घेईल? मग मी मेलेलाच बरा."

"त्याचीच तर तयारी चाललीय," असं म्हणून ती पीठ मळायला लागली. पण तिचे डोळे भरून आले होते.

पुन्हा अर्ज केला. या वेळी शहरात बोलावणं होतं, आणि ही शेवटची संधी आहे, असं मास्तरांनी बजावलं होतं. आम्ही तिघं नावेत बसून नदीपार गेलो. दियाब दुपारच्या नमाजासाठी हातपाय धुवायला गेला. मला बहियापाशी सोडून, भिंत धरत धरत. तेवढ्यात ती मला घेऊन सरळ डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"डॉक्टर, माझी कबुतरं खाल्लीत, ती पचली का?"

डॉक्टर उठूनच उभे राहिले. "काकू, तुम्ही? अजून चव आहे तोंडात."

"मग ऐका. माझा नवरा तुमच्यासमोर मरेल, पण दुखतंय म्हणणार नाही. तुम्ही आपल्याच भागातले. पाहुणा आला की काय करतात, ते विसरलात का शहरात?"

डॉक्टर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली.

बहियाने बाहेर येऊन मला परत दियाबच्या हाती दिलं, आणि तो माझ्यासह आत आला, ताठ, दात आवळून. डॉक्टर दारापर्यंत सामोरे आले. "या काका. त्या दिवशी मी तुमचा पाहुणा होतो, आज तुम्ही माझे." आणि त्यांनी मला त्याच्या हातून काढून घेतलं. आमच्या गावांत यजमान पाहुण्याची काठी अशीच काढून घेतो. खाणंपिणं झाल्याशिवाय ती परत मिळत नाही, आणि पाहुण्याने ती मागणं हा यजमानाचा अपमान. दियाबचा चेहरा खुलला. शहरात कुणी एवढी रीत पाळेल असं त्याला वाटलं नव्हतं. मला दूर खिडकीच्या कोपऱ्यात उभं केलं गेलं.

चहा झाला. मळ्याच्या गप्पा झाल्या. मग डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही मला गाडीपर्यंत सोडलं होतंत. चला, मी तुम्हाला दारापर्यंत सोडतो."

दियाब उठायला गेला. अर्धा उठला आणि परत बसला. "खुर्ची खोल आहे तुमची," तो हसून म्हणाला. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा त्याने टेबलाची कड धरली, गुडघा थरथरला आणि तो धप्पकन बसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, आयुष्यभर मी त्याच्या हाताखाली होते, आणि त्या घडीला मी कोपऱ्यात. काठीला पाय नसतात याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

डॉक्टर मुद्दाम मला आणायला वळले नाहीत.

"डॉक्टर," दियाब खाली बघत म्हणाला, "काठीशिवाय मला उठता येत नाही. गुडघा रोज दुखतो, लढाईपासून रोज. उसात मोळी पाठीवर घेतली की मी रडतो. घामात कुणाला कळत नाही."

दारात बहिया उभी होती. तिने काळी ओढणी तोंडावर ओढून घेतली. दुखतं हे तिला ठाऊक होतं, रडण्याचं ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी मला दोन्ही हातांनी उचलून त्याच्याकडे आणलं. मग त्याला पलंगावर झोपवून गुडघा नीट तपासला, बराच वेळ.

परतीच्या नावेत दियाब घुश्शात होता. "माझ्याआधी आत जाऊन आलीस ना? तू मला विकलंस," तो बहियाला म्हणाला.

"विकलं. चांगला भाव आला तर आनंद माना," ती म्हणाली, आणि तिने त्याच्या पायावर आपली शाल टाकली.

पेन्शन मंजूर झाली. ऊसतोड सुरू झाली तेव्हा मुकादम ओट्यासमोर आला. गावातले पाच-सहा जण तिथेच बसले होते. "काय दियाब, येतोस ना उद्या? तब्येत काय म्हणते?"

दियाबचं तोंड सवयीने उघडलं. 'देवाची कृपा' हे शब्द ओठांवर आलेच होते. तो थांबला. मग सगळ्यांदेखत माझ्यावर हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "नाही येत. पाय दुखतो रे." कुणी हसलं नाही. एक जण सरकला आणि त्याने दियाबला बसायला जागा करून दिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात, गल्लीत असं एखादं माणूस असेल. "कसं काय?" विचारलं की ते "बरं आहे" म्हणतं आणि तुमच्यासाठी चहा टाकायला उठतं. त्याला उठू देऊ नका. आधी बसवा, शेजारी बसा, आणि मग पुन्हा एकदा विचारा.