होडीचं तेल मला हवं होतं

मी एक जुना एक्सेल आहे. म्हणजे कोण, असं तुम्ही विचारणार हे मला ठाऊक होतं. मित्रांनो, बॉनेट म्हटलं की तुम्हाला कळतं. हॉर्न तर तुम्ही न विचारता वाजवून दाखवता. पण गाडीचं मागचं उजवं चाक ज्या पोलादी दांड्यामुळे फिरतं, त्याची ओळख करून द्यायला शेवटी मलाच तोंड उघडावं लागतं.

भट्टीत लाल होऊन आणि लेथवर सोलून निघून मी तयार झालो. मग माझ्या अंगावर एक बेअरिंग दाबून बसवलं. बेअरिंग म्हणजे पोलादी गोळ्यांनी भरलेली जाड बांगडी. गाडीचा भार त्या गोळ्यांनी पेलायचा आणि मी बिनघोर फिरायचं, अशी आमची वाटणी. तिच्यात जास्त कष्ट कोणाचे, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

आमची फियाट आधी मरोळच्या एका कारखान्यातल्या साहेबांकडे होती. ती जुनी झाल्यावर वेसाव्याच्या हरेश्वर नाखवाने घेतली. रोज सकाळी त्याची बायको कमळ आणि आई सरूबाई मासळीच्या पाट्या डिकीत ठेवून मालाडच्या बाजारात निघायच्या; गाडी हरेश्वर चालवायचा. सरूबाई मागच्या सीटवर, नेमकी माझ्या चाकावर बसायची. बाई वजनदार, आणि बोलणं त्याहून. पाट्यांमधलं खारं पाणी डिकीच्या भोकांतून माझ्या घरावर, म्हणजे मी ज्या लोखंडी नळीत राहतो तिच्यावर, ठिबकायचं.

आता माझं दुखणं सांगतो. दसरा आला की झेंडूचा हार बॉनेटला. हळदकुंकू स्टिअरिंगला. लिंबं पुढच्या दोन चाकांखाली. लिंबू चिरडायचा मान पुढच्यांचा आणि सरूबाईला उचलायचं काम मागच्यांचं, हा कुठला न्याय? सहा दसऱ्यांत बॉनेटला सहा हार मिळाले, मला एक पाकळीही नाही. हॉर्नलासुद्धा कुंकू लागलं. त्याने काय केलं होतं? ओरडला होता.

पण खरा हेवा मला होडीचा होता. गाडीखालून मला जेवढं जग दिसतं, त्यात नेमकी हरेश्वरची शिडाची होडी होती. पावसाळ्यात ती झावळ्यांखाली आरामात झोपायची. नारळी पौर्णिमेआधी हरेश्वर तिच्या लाकडाला मुशीचं, म्हणजे लहान शार्क माशाचं, तेल पाजायचा. स्वतःच्या हाताने, फडक्याने, गाणं गुणगुणत. माझ्यासाठी तो कधी गुणगुणला नाही. ते तेल मलाही मिळावं, एकदाच मिळावं, असं मी वर्षानुवर्षं मनात घोकत होतो.

पंच्याऐंशी साली माझं गाऱ्हाणं कोणीतरी ऐकलं. होडीचं काम उरकून हरेश्वर गाडीखाली वाकला आणि गंज बघून हळहळला.

"कमळ, ती बरणी दे गो इकडं."

"होडी झाली ना? आता गाडीला पन न्हाऊ घालतस काय?"

"खाऱ्या पान्यानं गंज धरलाय मागं. लाकडाला जे तेल राखतं, ते लोखंडाला राखनार नाय?"

ओट्यावरून सरूबाई म्हणाली, "माझ्या सासऱ्यानं जलमभर होडी राखली या तेलावर. घाल रं. गाडी पन आपलीच लेक हाय."

बाहेरून चोळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हरेश्वरचं प्रेम अर्धवट नव्हतं. त्याने माझ्या घराचं बूच उघडलं, आतलं घट्ट काळं तेल घाण समजून काढून टाकलं आणि मुशीचं तेल काठोकाठ भरलं. वर गाणंही गुणगुणला! त्या दिवशी मी बॉनेटकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मालाडला पोचलो तर बाजारातल्या पाच मांजरी माझ्याखाली येऊन बसल्या. बॉनेटखाली एकही नाही. मी तो सत्कारच समजलो.

पण गाडी पळायला लागली की ते तेल तापायचं आणि थांबली की डिंकासारखं चिकटायचं. गोळ्यांना ते वंगण नव्हे, चिखल झालं. पंधरवड्यात बेअरिंग गुरगुरू लागलं. वेग वाढला की आवाज वाढे.

"मागं काय घुमतंय?" कमळने विचारलं.

"रस्ता खराब हाय."

"रस्ता कालपन हाच होता," सरूबाई म्हणाली. "माझ्या खालून येतोय आवाज. भोवरा फिरवतोय कोनी?"

शेवटी हरेश्वर साकीनाक्याला गुणाजीकडे आला. गुणाजी पूर्वी गिरणीत फिटर होता. संपात गिरणी सुटली आणि त्याने गॅरेज टाकलं, पण यंत्राचं दुखणं कानाने ओळखायची सवय राहिली. त्याने पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून गाडी उचलली, माझं चाक वर-खाली धरून हलवलं. चाक पडायला आलेल्या दातासारखं डुगडुगलं. मग त्याने चाक काढलं, ब्रेकचा ड्रम काढला आणि मला घरातून बाहेर ओढलं.

गॅरेजभर वास पसरला. गुणाजी नाक धरून म्हणाला, "नाखवा, ह्यो एक्सेल हा की चुलीवरचा मुशीचा तिखला? तेल खंयचा घातलंस?"

"होडीचं," हरेश्वर हळूच म्हणाला. "चांगलं असतं."

"खोबरेलसुद्धा चांगला असता. म्हणान मी गिरणीतल्या मागात ओतूक नाय! अजून दोन फेऱ्यो मारल्यो असत्यो, तर ह्या चाक तुझ्या आदी मालाडाक पोचला असता."

हरेश्वर टायरवर मटकन बसला. "त्या चाकावर माझी आय बसते रे, गुणाजी."



गुणाजीने छिन्नी लावून, माझ्या अंगाला धक्का न लावता, बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी कडी तोडली आणि जुनं बेअरिंग उतरवलं. मग बेअरिंग बसतं त्या जागी तो नखाने चाचपू लागला. तिथे खाच पडली असेल तर माझी रवानगी भंगारात. भिंतीला दुसऱ्या गाडीचा एक एक्सेल टांगलेला होता. टेबलावर तेलकट कागदात गुंडाळलेलं नवं बेअरिंग चमकत होतं आणि सगळे त्याच्याकडेच बघत होते. मित्रांनो, मरण दारात उभं असताना मी त्या दोघांचा हेवा केला. सवय, दुसरं काय!

नख फिरून थांबलं. "घासलो नाय," गुणाजी म्हणाला. "जुन्या बेअरिंगान सगळा आपल्यार घेतल्यान."

तेव्हा मी त्या जुन्या बेअरिंगकडे पहिल्यांदा पाहिलं. गोळ्या झिजून काळ्या पडलेल्या, कडा चिरलेली. इतकी वर्षं माझ्या कमरेला होतं ते. मी होडीचा हेवा केला, हॉर्नचा केला, लिंबाचासुद्धा केला. त्याचा कधी केला नाही, कारण त्याच्याकडे हेवा करण्यासारखं काही नव्हतंच. आभारही मानले नाहीत. ते डब्यात टाकलं तेव्हा खण् असा एवढासा आवाज झाला.

गुणाजीने माझं घर रॉकेलने धुतलं, नवं बेअरिंग दाबून बसवलं, तापवलेली कडी चढवली, तेल बाहेर येऊ नये म्हणून नवं सील लावलं. "डाव्याचा पण बदलूया. एकाच वयाची जोडी हा," असं म्हणून माझ्या भावालाही नवं बेअरिंग दिलं. त्याने तक्रारही केली नव्हती, तरी मिळालं! शेवटी एक्सेलचं घट्ट काळं तेल भरून गुणाजीने चाक हाताने फिरवलं. काही ऐकू आलं नाही. त्याला तेच ऐकायचं होतं.

तेव्हापासून बाजारातून आल्यावर हरेश्वर रोज माझ्या घरावर गोड्या पाण्याची बादली ओततो आणि बुचाभोवती बोट फिरवून बघतो. मांजरी येईनाशा झाल्या. तेवढं वाईट वाटतं.

मग दसरा आला. हार बॉनेटला, कुंकू हॉर्नला, सगळं नेहमीचं. हरेश्वर पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायला वाकला, तोच सरूबाई कडाडली, "पुढं कोन बसतं? तू. मी मागं बसते. माझ्या बुडाखालच्या चाकाला ठेव आधी!"

"आये, लिंबू पुढं ठेवतात."

"ठेवतोस का मी उतरू?"

मित्रांनो, त्या दिवशी मी माझं पहिलं लिंबू चिरडलं. आंबट होतं, पण माझं होतं. तुमच्या घरी गाडी असेल, सायकल असेल, आजीचं शिवणयंत्र असेल. पुसताना एकदा खाली वाकून बघा. जे दिसत नाही त्याला आधी विचारा, आणि त्याला त्याचंच तेल द्या. शेजारच्याचं नको, कितीही मागितलं तरी. आम्ही हेवेखोर असतो, आमचं ऐकू नका.