टिकलीची डावी रिकीब

भूपेशनं काउंटरवर लाटणं आपटलं, तशी खारीच्या बरणीवरची माशी उडाली आणि पायलनं पाठ सरळ केली.

"परत म्हन. ला स्ताफ्फा ए रोत्ता."

"ला स्ताफ्फा ए रोत्ता."

"मराठीत?"

"रिकीब तुटेल हाये."

"आता पुढचं. इल पद्रोने ए ऊन लाद्रो."

पायलनं तेही इटालियन वाक्य सुरात म्हटलं. बेकरीसमोरच्या कडुनिंबाखाली तिचा बाप इस्तारी टिकली घोडीला खरारा करत होता. त्याचा हात थांबला.

"पायल, याचा अर्थ काय व्हते, विचार त्याले."

"मालक चोर हाये," भूपेश पायलकडे बघत म्हणाला. "सांग तुह्या बापाले."

पायलनं सांगितलं नाही. गरजही नव्हती. दोघांमध्ये एक खाट मावेल एवढंच अंतर होतं. पण बारा-तेरा वर्षांत हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते, आणि आता शिकवणीमुळे रोज समोरासमोर यावं लागलं तरी तो नियम मोडावा असं दोघांनाही वाटलं नव्हतं. सगळा व्यवहार पोरीच्या मार्फत चाले.

टिकली ही इस्तारीची, चामोर्शी गावातली नवरदेवांची घोडी. भूपेशच्या लग्नात तो तिच्यावर मोठ्या डौलात बसून मांडवापर्यंत गेला. उतरायला त्यानं डाव्या रिकिबीत पाय रोवून भार दिला आणि रिकिबीची चामड्याची वादी तुटली. नवरदेव फेट्यासकट बँडवाल्याच्या ढोलात गेला. आवाज ऐकून नवरी धावत बाहेर आली. म्हणजे निशानं घोडीवर बसलेला नवरा पाहिलाच नाही, ढोलातून काढलेला तेवढा पाहिला. ती हसली. वाईट हेतूनं नव्हे, पण चांगली पोटभर हसली.

त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव 'पडेल नवरदेव' ठेवलं, पडेल म्हणजे पडलेला. भूपेश गाव सोडून एका इटालियन जहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलायला गेला, पाव भाजायला शिकला, तिथली भाषा शिकला आणि बऱ्याच वर्षांनी परत येऊन त्यानं बेकरी टाकली. एसटीतून उतरला तेव्हा स्टँडवरचा पानवाला म्हणाला, "अरे, पडेल नवरदेव आला!"

भूपेश म्हणे, इस्तारीनं भाडं पुरं घेतलं आणि वादी कुजकी लावली. इस्तारीचं म्हणणं वेगळं होतं. वादी नवीकोरी होती. नवरदेवच एसटीच्या दांड्याला लटकावं तसा लटकला.

आता पायलला इटलीतल्या एका घोडेस्वारीच्या शाळेत काम मिळण्यासारखं होतं. पर्यटकांना घोड्यावर बसवायचं, फिरवून आणायचं. जाहिरात इंग्रजीत, मुलाखत इटालियनमध्ये. खोगीर, लगाम जमलं. 'स्टिरप'पाशी, म्हणजे रिकिबीपाशी, गाडं अडलं. मोबाइलमध्ये त्या एका इंग्रजी शब्दाला भलतेच इटालियन शब्द निघाले. शिकवायला भूपेशनं साफ नकार दिला असता, पण निशानं बाजारात भाजी घेतानाच त्याच्या वतीनं होकार देऊन टाकला होता. चार दिवसांत त्याला या कामाची गोडी लागली. एखाद्या माणसाला त्याच्या तोंडावर, त्याच्याच पोरीच्या तोंडून शिव्या घालायच्या, आणि वर त्या पोरीनं "धन्यवाद काका" म्हणायचं, ही सोय इतर कुठल्या भांडणात नव्हती.

"स्ताफ्फा म्हंजे रिकीब," तो आता सांगत होता. "कानातलं एक बारकं हाड असते, त्यालेई स्ताफ्फाच. रिकिबीची वादी म्हंजे स्ताफ्फीले. स्ताफ्फीले म्हंजे चाबूक बी व्हते. थो काही मानसाइच्या कामी येते." त्यानं कडुनिंबाकडे पाहिलं. "आन् संताप आवरला नाई, का तिकडं म्हंतेत, याच्या रिकिबी सुटल्या."

"सुटाले आधी पाय तं टिकला पायजे म्हना," इस्तारी टिकलीला म्हणाला.

भूपेशनं लाटणं उचललं. तेवढ्यात बरणीला टेकवलेला मोबाइल मुलाखतीसाठी वाजला.

पडद्यावर पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली बाई आली. तिनं शब्द विचारले, पायलनं उत्तरं दिली. रिकीब आली, वादी आली, तिचा दुसरा अर्थही आला तेव्हा बाई हसली. मग ती म्हणाली, आता घोडी दाखव. तिच्यावर कुणाला तरी बसवून दाखव. आमच्याकडे येणारे लोक घोड्याला भितात, तर भिणारा माणूस बघ.

पायलनं टिकलीवर खोगीर कसलं आणि मोबाइल कडुनिंबाच्या फांदीत खोचला. मग ती वळली आणि भूपेशकडे बघत राहिली.

"मी नाई," भूपेश म्हणाला.

बाई पडद्यावर वाट बघत होती. पायलचा खालचा ओठ दाताखाली गेला. इस्तारी खराऱ्यातले केस काढत होता. ते केव्हाच निघून गेले होते.

भूपेशनं अ‍ॅप्रन काढला, घडी केली, काउंटरवर ठेवला, उचलून परत घडी केली. मग रस्त्यावर आला. टिकली म्हातारी झाली होती, तरी त्याच्याकडे बघण्याची तिची पद्धत त्याला जुनीच वाटली.

त्यानं पाय उचलला, तशी इस्तारीनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं. डावी रिकीब दोन्ही हातांनी धरली, गुडघे दुमडले आणि साठीचा तो गडी अधांतरी लोंबकळला. वादी करकरली. टिकलीनं एक पाय सरकवून अंग सावरलं. इस्तारी मनाचं समाधान होईतो तसाच लोंबत राहिला. मग उतरला, उजव्या बाजूला गेला आणि तिकडेही लोंबकळला.

बाईनं काहीतरी विचारलं.

"माझे वडील कोणालाही बसवायच्या आधी असंच करतात," पायल इटालियनमध्ये म्हणाली. अडखळत होती, पण शब्द बरोबर होते. "एकदा एक माणूस पडला होता. तेव्हापासून."

हे वाक्य भूपेशनं शिकवलेलं नव्हतं.

"काय म्हने?" इस्तारीनं हात झटकत पोरीला विचारलं.

"मालक चोर हाये म्हने," भूपेश पायलच्या आधी बोलला. पण तो कुणाकडेच बघत नव्हता. त्यानं पाय रिकिबीत घातला, पायलनं कोपर धरलं, आणि तो वर गेला.

बाईनं मान डोलावली. कामाचे कागद पाठवते म्हणाली, पायलचं नाव दोनदा चुकीचं उच्चारलं आणि पडदा काळा झाला. पायलनं टिकलीच्या मानेत तोंड खुपसलं. तिचे खांदे हलत होते.

इस्तारीनं दुपट्ट्यानं चेहरा पुसला, तो बराच वेळ पुसत राहिला. "उतर म्हना आता त्याले," तो दुपट्ट्यातूनच म्हणाला. "घोडी म्हातारी हाये."

भूपेश उतरला नाही. वरून त्याला स्वतःच्या बेकरीचे गंजलेले पत्रे दिसत होते. पत्र्यांपलीकडे परसात निशा पाठमोरी बसून मैदा चाळत होती.

"इस्तारीभाऊ," तो म्हणाला.

पायलनं मान वर केली.

"जरा निशाले बलावता का?"

इस्तारी त्याच्याकडे बघत राहिला. यात शिवी कुठं आहे, ते त्याला सापडत नव्हतं. मग त्यानं डाव्या रिकिबीची वादी मुठीत घेतली.

"जाय वो पायल," तो म्हणाला, "निशाबाईले आवाज दे. आन् लवकर ये म्हना. हा पडाच्या आधी."

आणि मूठ आवळली.