काजलला दिसलं ते

शनिवारी दुपारी दोन वाजले की शहापूरच्या कॉलेजातल्या एका वर्गात अंधार करायचे. खिडक्यांना निळी ताडपत्री बांधायची, दार ओढून घ्यायचं आणि पंखा बंद करायचा. पंखा चालू राहिला तर पडदा हलतो आणि पडद्यावरची माणसं पोटात कळ आल्यासारखी वाकतात. हे सगळं वर्गातल्या ओमकारच्या अंगावर. मग शेखर सर म्हणायचे, "बघा, आणि बघून झालं की तुमचं तुम्ही लिहा." आणि जुना, काळापांढरा, कुणाच्या तरी आजोबांच्या वयाचा सिनेमा सुरू व्हायचा.

सिनेमा बघायला शिकवणारा वर्ग होता तो. प्रत्येकाची एक वही. वहीत सिनेमाची गोष्ट लिहायची नाही, चांगला की वाईट तेही लिहायचं नाही. बघताना आपल्याला काय झालं तेवढंच लिहायचं. पुढच्या शनिवारी त्या ढिगातली एक वही सर उचलायचे आणि वाचून दाखवायचे. एकच.

त्या एका वहीपायी कुणालीचं सगळं वर्ष करपत चाललं होतं.

कुणाली मुरबाडकडची, सरळगावच्या अलीकडच्या एका गावातली. घरी भातशेती, गोठ्यात बैलजोडी. किन्हवलीवरून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून ती वाचत यायची. बारावीला मराठीत तिच्याइतके मार्क कॉलेजात कुणाला नव्हते. तिची वही उघडावी तर अक्षर सुबक, समास सरळ, आणि आत 'छायाप्रकाशाचा खेळ', 'कारुण्याची किनार', 'मूक आक्रोश'. परक्या परसातली फुलं ओच्यात भरून आणावीत तसे हे शब्द तिने लायब्ररीतून वेचून आणलेले. सर तिच्या वहीखाली लिहायचे, 'छान.' आणि वाचून दाखवायचे काजलची.

काजल उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरची. पाड्यावरून स्टेशनात उतरायचं म्हणजे पाऊण तासाची पायवाट. त्यामुळे ती यायची तेव्हा चपलांना लाल माती आणि ओढणीला कुसळं. तिची वही म्हणजे शाळेतल्या गणिताच्या वहीची उरलेली पानं. लिहायची चार ओळी, कधी दोनच. वर्गात आली की थेट कुणालीच्या शेजारी बसायची आणि म्हणायची, "पेन हाय का गो जास्तीचं?" कुणाली पेन द्यायची. दुसरं काय करणार?

ही आग लागली ती जुलैत. त्या शनिवारच्या सिनेमात नायिका भाताच्या आवणीला उतरते असा मोठा प्रसंग होता. गुडघाभर चिखल, मागे काळे ढग, डोळ्यांत पाणी, हातात रोपांची जुडी. ती एकेक रोप लावते आणि एकेक पाऊल टाकत पुढे पुढे, आपल्याकडे येते. सगळा वर्ग गहिवरून बसलेला, आणि तेवढ्यात काजल फिसकन हसली.

दिवा लागल्यावर सरांनी विचारलं, "कोण हसलं?"

"मी, सर."

"का?"

"ती बाई पुढं पुढं येत व्हती. आवणी मागं मागं सरकत करतात. पुढं चाललं तर आपन लावलेलं आपल्याच पायाखाली जाईल ना. तिच्या सासूनं बघितलं असतं तर पिक्चर तितंच संपला असता."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सगळ्यांनाच नायिकेच्या पावलाखाली मोडणारी रोपं दिसायला लागली. सर हळूच म्हणाले, "हा प्रसंग मी दहा वर्षं शिकवतोय. मला नाही दिसलं हे."

कुणालीला दिसलं होतं. चौथीत असल्यापासून ती आवणीला जात होती. नायिकेने पहिलं पाऊल पुढे टाकलं तेव्हाच हिच्या कमरेत काहीतरी चुकल्यासारखं झालं होतं. पण वहीत लिहायला तिने मनात जुळवलं होतं, 'मातीशी नातं सांगणारी नायिका.' चिखल काय, सासू काय, असलं कधी सिनेमाच्या वहीत लिहितात का? आता तिथे बसल्या जागी तिला वाटलं, माझ्या घरात शिरून माझंच काहीतरी उचललं हिने, आणि आता माझ्याच पेनाने लिहील.

घरी गेल्यावर तिने आईला सांगितलं. तिची आई जना ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"मलाही दिसलं होतं ते, आई."

"मंग बोलली का नाय?"

"सिनेमाच्या वर्गात असलं कुणी बोलतं का?"

"ती बोलली ना?"

"तिचं वेगळं आहे."

"काय वेगळं? तिला तीन डोलं हायेत?"

आईने सूप हलवलं, कोंडा उडवला आणि सुपाच्या तालावर आपलीच एक ओळ जुळवली,

*शेजीच्या अंगनी चांदनं सांडलं गो,*
*माज्या अंगनीचं मीच नाय पाह्यलं गो.*

"गाऊ नको," कुणाली म्हणाली.

"तुला कुठं गाते? सुपाला गाते मी."

पुढे हे वाढतच गेलं. एकदा सरांनी परदेशातला एक सिनेमा दाखवला. त्यात एका मोठ्या बंगल्यात माणसं फार हळू बोलत होती. काजलला झोप लागली, नुसती नाही, घोरत. तिने वहीत लिहिलं, 'मला झोप लागली. त्या घरात कोनीच कोनाकडं बगत नव्हतं. मला वाटलं सगळी झोपलीत, मंग मीपन झोपले.' सरांनी तेही वाचून दाखवलं. कुणालीने त्या सिनेमावर नऊ पानं लिहिली होती. त्या दिवशी एसटीत तिला एकही अक्षर वाचता आलं नाही. काजल झोपेतसुद्धा आपल्या पुढे जाते, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

मत्सर म्हणजे कुसळ. दिसत नाही, पण बसावं तिथे टोचतं. काजलचं हसणं टोचायचं, तिचं शेजारी येऊन बसणं टोचायचं. सगळ्यात जास्त टोचायचं ते हे, की काजलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी सरांनी सांगितलं, पुण्यात दहा दिवसांचं सिनेमाचं शिबिर आहे, डिसेंबरच्या थंडीत. प्रत्येक कॉलेजातून एकच विद्यार्थी. "शेवटच्या सिनेमावर तुम्ही जे लिहाल त्यावरून मी नाव ठरवणार."

त्या रात्रीपासून कुणालीच्या डोळ्यांत पुणं. तिथे मोठा पडदा असेल, तिथली माणसं तिच्यासारखं बोलत असतील, 'छान' एवढं लिहून कुणी तिची वही मिटणार नाही. आयुष्यात एवढं काही तिने मागितलं नव्हतं.

"मलापन जायचंय पुन्याला," काजल रिक्षास्टँडवर म्हणाली. "मी कल्यानच्या पुढं गेलीच नाय कधी."

"बघू," कुणाली म्हणाली.

शेवटचा सिनेमा एका आईमुलाचा. मुलगा शहराला निघालाय. त्याच्यासाठी म्हातारा बाप दारातला बैल विकतो. व्यापारी येतो, बाप गोठ्यात जातो आणि बैलाचं दावं सोडून सगळंच्या सगळं व्यापाऱ्याच्या हातात देतो. तिथे कुणालीला घरचा गोठा आठवला. तिचे वडील म्हसा गावच्या जत्रेत बैल विकायचे तेव्हा दावं काढून खांद्यावर टाकून घरी आणायचे. बैल जाईल, पण दावं जाऊ द्यायचं नाही, म्हणजे गोठ्यात पुन्हा बैल येतो. ज्याने दावंही दिलं त्याने पुढचं सगळंच सोडलं. पडद्यावर हे कुणी बोललं नव्हतं. कुणालीला ते कळलं, आणि कळल्याबरोबर तिने ते बाजूला सारलं. घरातलं ते, गोठ्यातलं.

मग शेवटचा प्रसंग आला. मुलगा पायवाटेने जातोय, आई दारात उभी. ती हलत नाही, रडत नाही, नुसती उभी. अंधारात काजल कुणालीच्या कानाशी कुजबुजली, "मागं बघ. चुलीवर भात उतू चाललाय. तिला वास येतोय, तरी वळत नाय ती. मघाशी पडलेलं एकेक शीत उचलत व्हती ना ही बाई?"

कुणालीने पाहिलं. खरंच. आईच्या खांद्यामागे, धुरात, मडक्यावरून पांढरा फेस वाहत होता.

घरी जाऊन ती वही उघडून बसली. दाव्याबद्दल एक ओळ लिहिली आणि खोडली. मग तिने उतू जाणाऱ्या भाताबद्दल लिहिलं. दीड पान. चांगलं लिहिलं, तिलाही कळत होतं.

पुढच्या शनिवारी सरांनी ढिगातून वही उचलली. सुबक अक्षर, सरळ समास. कुणालीचं नाव घेतलं आणि वाचायला लागले. इतके महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला. सर वाचत होते, पोरं ऐकत होती. ओमकार मागून म्हणाला, "आयला, भात कुणीच बघितला नाय." आणि कुणालीला एकेका वाक्याखाली काजलचा आवाज ऐकू येत होता. तिने मान वळवली नाही. वळवली असती तर काजलचे डोळे दिसले असते.

"पुण्याला कुणाली जाईल," सर म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. काजलनेही.

बाहेर नळापाशी काजल पाणी पीत उभी होती. ओंजळ झटकून म्हणाली, "तो भात मीच सांगतला ना तुला?"

"हो," कुणाली म्हणाली.

"मी लिवलंच नाय ते. तुला सांगून झालं, मंग परत काय लिवायचं? आमच्यात बाया गाताना एकीनं ओळ टाकली का दुसरी उचलते. टाकणारी कुठं मागायला जाते?" ती हसली. मग ओढणीला ओले हात पुसत, हसू न लपवता, न वाढवता म्हणाली, "पन मला वाटलं व्हतं मीच जाईन."

भांडली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, सरांकडे गेली असती, तर कुणालीला आपल्या मत्सराला धरून उभं राहता आलं असतं. हिने तर तेही जागेवर ठेवलं नाही. हिला माझा हेवासुद्धा वाटत नाही, असं मनात आलं, आणि त्या हेवा नसण्याचाही कुणालीला हेवा वाटला.

काजल रिक्षास्टँडकडे निघाली. कुणाली परत वर्गात आली. ताडपत्री अर्धी निघालेली, ओमकार बाकावर चढून गाठी सोडत होता. सर वह्या बांधत होते.

"सर, ते माझं नाही," ती म्हणाली. "ते काजलला दिसलं. अंधारात तिने सांगितलं, मी लिहिलं."

सरांनी दोरी तशीच हातात ठेवली. "मग आता का सांगतेस?"

ती खोटं बोलू शकली असती. मन खाऊ लागलं, असं म्हणता आलं असतं. पण खरं तेच तोंडातून आलं. "तुम्ही माझं नाव घेत होतात आणि मला तिचंच कौतुक ऐकू येत होतं. पुण्यातही तेच ऐकू येईल. मला ते सोसणार नाही."

सरांनी वह्यांचा ढीग बाजूला सारला. "तुला काय दिसलं होतं?"

तिने दाव्याचं सांगितलं. सांगताना तिचं पुस्तकी मराठी कुठे गळालं ते तिलाही कळलं नाही. "बा दावं देत नाय सर, बैल दिला तरी. खांद्यावर घेऊन घरी येतो. त्या म्हाताऱ्यानं दिलं. मंग पुढं पोराला सोडायला तो वेशीपर्यंतबी येत नाय, ते तितंच कळलं मला."

बाकावरच्या ओमकारचे हात थांबले होते.

"हे का नाही लिहिलंस?" सरांनी विचारलं.

"घरचं आहे, सर."

सरांनी मान हलवली. त्यांनी शिबिराचा कागद काढला, कुणालीचं नाव खोडलं आणि काजलचं लिहिलं. "जागा एकच आहे, कुणाली."

"माहीत आहे."

असं वाटलं होतं की खरं बोललं की हलकं वाटेल. काही हलकं वाटलं नाही. पुणं गेलं, तो मोठा पडदा गेला, आणि पोटातलं कुसळ जिथल्या तिथे. फक्त आता ते नेमकं कुठे आहे, हे बोट ठेवून सांगता आलं असतं.

सोमवारी काजल धावतच आली. बातमी कळली होती. तिने कुणालीचा हात घट्ट धरला आणि आभारबिभार काही न मानता एकदम कामाचंच बोलली. "पुन्यात लय थंडी असते ना गो? माज्याकडं बॅग नाय, स्वेटर नाय. तुजा तो मरून रंगाचा स्वेटर देशील दहा दिस?"

कुणालीने तिच्याकडे पाहिलं. चपलांना लाल माती, डोळ्यांत पुणं. जे डोळे इतके दिवस कुणालीचे होते तेच आता हिच्या तोंडावर.

"बॅग देते," ती म्हणाली. "स्वेटर नाय देनार."

"का गो?"

"नाय द्यावासा वाटत."

काजल मोठ्याने हसली, वर्गातली पोरं वळून बघेपर्यंत. "अशी बोल ना मंग," ती म्हणाली. "मला वाटलं तू कधी बोलतच नाय." आणि बॅग केवढी आहे, चेन चालते का, ते विचारत ती नेहमीसारखी शेजारी बसली.