वेदीतली करंगळी

आधीच सांगून ठेवतो, यातला एक शब्दही तुम्ही खरा मानणार नाही. मागं मी सांगितलं होतं की खाडीतला एक खेकडा माझं पागोटं घालून ठाण्याच्या कचेरीच्या पायरीपर्यंत गेला आणि शिपायानं त्याला सलाम ठोकला. ते तुम्ही मानलंत. का? तर ते खोटं होतं आणि ऐकायला बरं होतं. ही गोष्ट खरी आहे, आणि ऐकायला बरी नाही. हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

राघो खरोखरच हसला. बाळकुमच्या मिठागराच्या बांधावर भाकरी खाऊन आम्ही ताडाच्या सावलीत टेकलो होतो. ठमाबाई सुपात सुकट घेऊन निवडत होती. खाडीकडच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, घंटा झाली, आणि या राघोनंच विषय काढला.

"काळूबाबा, त्या क्रिस्तावांच्या वेदीत म्हणे माणसाचं हाड चिणून ठेवलंय. खरं काय ओ? देवळात हाड कोण ठेवतं?"

"ठेवतात. आणि कुणाचं ते मला ठाऊक आहे. त्यांच्या पाद्रीला ठाऊक नाही."

"झालं सुरू," ठमाबाई सुपातून मान वर न काढता म्हणाली. "खेकड्यानंतर आता हाड."

ठमाबाईचं लक्षात ठेवा. तिचा जन्म इथला, पण लग्न होऊन मोहन्याला गेली ती विधवा होऊनच परत आली. मधल्या वर्षांत इथं काय घडलं ते तिला सांगोवांगीच ठाऊक. म्हणून तिच्या टोमण्यांकडे मी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.

तर ऐका. ती इगर्ज झाडायचं काम नातालबायकडे होतं. जातीनं मिठागरवाली, आमच्यासारखीच. देव तेवढा वेगळा. या पावसाळ्यात ती गेली, म्हणून आज तोंड उघडतोय. इगर्जीत चांदीची एक डबी होती, तळहातात मावेल एवढी. वर काच, आत कापूस, कापसावर चिंचोक्याएवढं हाड. सांत सेबस्त्यांव म्हणून त्यांचा संत, त्याच्या बोटाचं. डबीला लाल दोरा गुंडाळलेला आणि दोऱ्यावर रोमेहून आलेली लाखेची मोहर. पावसाळ्यात इगर्ज गळायची, तेव्हा डबी नातालबायच्या घरी राहायची. तिच्या सासूच्या सासूपासूनची ती वहिवाट.

मी तिला एकदा विचारलेलं, "बाय, आम्ही माणूस जाळतो, अस्थी खाडीत सोडतो आणि घरी येऊन अंघोळ करतो. तुम्ही हाड चांदीत ठेवून त्याचा मुका घेता. घाण नाही वाटत?"

ती म्हणाली, "काळू, ते हाड आमचं नाय. ठेव हाय ती. शेवटच्या दिवशी देव सगल्यांना हाडामांसासकट उठवनार. त्या दिवशी सांत येनार आनि बोलनार, माझा तुकडा कुठं हाय? तवा आम्ही बोलू, हा घे, संबालून ठेवलाय."

मला ते पटलं. दुसऱ्याची वस्तू सांभाळायची हे कुणालाही पटतं.

तिला एकच मुलगा, जोकीम. काळा, उंच, मिठाची पाटी डोक्यावर घेऊन शीळ वाजवत चालणारा. लहानपणी उघाडीच्या, म्हणजे मिठागरात भरतीचं पाणी घ्यायच्या दाराच्या, फळीत हात सापडला तेव्हाही हूं की चूं केलं नाही पोरानं.

"मी व्हते तिथं," ठमाबाई म्हणाली.

"होतीस ना? मग मध्ये बोलू नकोस."

मिठागरात पोट भरेना म्हणून जोकीम रेल्वेच्या खडीच्या कामावर गेला. कल्याणच्या पुढं, शहाडच्या अंगाला, नदीच्या वरच्या बाजूला खाण होती. एक दिवस सुरुंग वेळेआधी उडाला आणि चार-पाच माणसं गेली. उन्हाचे दिवस. मुकादमानं संध्याकाळपर्यंत एकच खड्डा खणून सगळ्यांना त्यात ढकललं, आणि निरोप इथं आला दुसऱ्या दिवशी.

नातालबाय धावत पाद्रीकडे गेली. मी बरोबर. ती म्हणाली, बाबा, तिथं चला, खड्ड्यावर दोन शब्द बोला, पाणी शिंपडा. पाद्री गोव्याच्या बिशपचा माणूस. तो म्हणाला, "कल्याण माझ्याकडे नाही, तिथं मुंबईच्या बिशपचा पाद्री आहे, मी त्याच्या हद्दीत पाय ठेवला तर बोभाटा होईल." मी गाडीनं कल्याणला गेलो. तिथला पाद्री जेवत होता. त्यानं हात धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जमीन माझी आहे, पण माणूस त्यांचा. मी मंत्र म्हटला तर उद्या ते म्हणतील आमची मेंढरं चोरली." असे ते दोघे. एकच देव, गळ्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, तोही एकच, आणि मेलेल्या पोराला दोघांच्या मध्ये जागा नाही.

"आपल्याकडं काय कमी हाय?" राघो म्हणाला.

"तेच म्हणतो मी. म्हणून तर हसलो नाही."

मग मी खाणीवर गेलो. मुकादमाच्या मिशा एवढ्या, की एका टोकाला त्यानं कंदील अडकवला होता. बरं, कंदील नव्हता, पण अडकवता आला असता. त्याला म्हटलं, खड्डा उकर. तो म्हणाला, साहेबाचा हुकूम नाही. मी त्याचे पाय धरले. तेव्हा त्यानं सुरुंगाच्या दारूचा रिकामा डबा आणला. म्हणाला, खड्डा बुजवल्यावर दगडात हे सापडलं, घेऊन जा. आत फडक्यात उजव्या हाताची करंगळी. अख्खी, नखासकट. नखात आमच्या मिठागराचा निळा गाळ अजून होता, या डोळ्यांनी पाहिला.

ठमाबाईचे हात सुपात थांबले. मला वाटलं गहिवरली.

ते मी नातालबायला आणून दिलं. तिनं फडकं सोडलं. खूप वेळ पाहत राहिली, इतका वेळ की चुलीवरचं पेजेचं पाणी उतू गेलं. मग ती करंगळी गालाला लावली आणि म्हणाली, "माझ्या जोकीमचीच."

बाळकुमात त्या रात्री कुणी चूल पेटवली नाही. हे मात्र खरंच आहे.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाद्रीकडे. आता हद्दीचा प्रश्न नव्हता, पोर घरी आलं होतं. ती म्हणाली, बाबा, इगर्जीच्या आवारात वीतभर जागा द्या. पाद्रीनं फडक्यात डोकावून पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला.

"बाई, मेलेल्याला मूठमाती देण्याचा विधी आहे. बोटाला नाही."

"बाबा, सांत सेबस्त्यांवचं पन बोटच हाय की!"

"ते संताचं आहे."

"आनि ह्यो कोनाचा हाय? ह्याला पन देव उठवनार नाय काय? कुठून उठवंल, शहाडच्या खड्ड्यातून? तिथं तर कोनी पानी पन शिंपडला नाय!"

पाद्री म्हणाला, तू शिकलेली नाहीस, तुला या गोष्टी कळायच्या नाहीत. आणि दार लावून घेतलं. तिला काय हवं होतं? वीतभर आशीर्वादाची माती. त्याच आवारात पाद्रीनं दुधासाठी दोन बकऱ्या बांधल्या होत्या, त्यांना मात्र ऐसपैस जागा होती.

तिनं ते बोट परसात ताडाखाली मडक्यात पुरलं. पुढल्या पावसाळ्याआधी वाटलं, भरतीचं पाणी आत येईल, मडकं वाहून जाईल. म्हणून उकरलं, तोवर टोकाच्या पेराचं हाड तेवढं उरलं होतं. मग तिनं तेच केलं जे आपण कुणीही केलं असतं. हाड धुतलं, बरणीत जाडं मीठ भरलं, त्यात ठेवलं आणि बरणी चुलीवरच्या शिंक्यात टांगली, म्हणजे मिठाला ओल धरणार नाही. आपल्याला दुसरं काही येवो न येवो, कुजणारी वस्तू टिकवायची कशी ते येतं.

आणि त्याच पावसाळ्यात सांताची डबी तिच्या घरात होती. श्रावणात तिनं पाहिलं तर काचेला आतून वाफ, कापसावर हिरवी बुरशी, हाडाला बुळबुळीत ओल. बाई घाबरली. दुसऱ्याची ठेव, आणि आपल्या हातात नासतेय! तिनं लाल दोरा तोडला, लाखेची मोहर फोडली, हाड पुसलं आणि मिठाच्या बरणीत टाकलं. जोकीमच्या शेजारी.

"मग त्यात चुकलं काय?" राघो म्हणाला. "बरंच केलं की!"

तुला मला तसंच वाटणार. पण त्यांच्यात हाडाची किंमत हाडात नसते, मोहरेत असते. मोहर फुटली की ते संताचं की बकरीचं, कोण सांगणार? नातालबायला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिला सांभाळायला सांगितलं होतं, तिनं सांभाळलं.

दसरा उलटला आणि इगर्जीत नवी दगडी वेदी आली. तिच्या मधोमध खोबण. सांताचं हाड त्यात ठेवायचं, वर चुना आणि दगड. म्हणजे ते कायमचं तिथं. त्यासाठी बिशपकडून मोठे पाद्री आले. चुना मळायला मी होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मोठे पाद्री म्हणाले, डबी आणा. नातालबायनं रिकामी डबी आणि मिठाची बरणी आणली. त्यांनी डबी उलटसुलट पाहिली.

"मोहर कुठंय?"

"फोडली, बाबा. आत बुरशी आली व्हती."

"फोडली?" त्यांचा चेहरा चुन्यापेक्षा पांढरा झाला. बरणी ओतली तर मिठातून दोन हाडं. दोन्ही पांढरी, दोन्ही चिंचोक्याएवढी.

आपल्या पाद्रीनं तिला शिव्या दिल्या त्या लॅटिनमध्ये असाव्यात, कारण मला एकही कळली नाही आणि सगळ्या लागल्या. मोठे पाद्री म्हणाले, आता हे वेदीत ठेवता येणार नाही. पण आपला पाद्री त्यांच्या कानाला लागला. मी जवळच घमेलं घेऊन उभा होतो, सगळं ऐकलं. म्हणाला, "ही गोष्ट बाहेर गेली तर मुंबईच्या बिशपची माणसं आपल्यावर हसतील. म्हणतील, यांनी संत खारवून खाल्ला." मोठ्यांनी विचार केला. मग म्हणाले, बाईकडून शपथ घ्या.

खुरीस आणला. नातालबायनं त्यावर हात ठेवला. तिला विचारलं, यातलं सांत सेबस्त्यांवचं कुठलं? खोटं बोललीस तर नरकात जाशील, तिथून सुटका नाही. कळलं?

"कलला, बाबा."

तिनं एक हाड उचललं. कपाळाला लावलं. "ह्यो."

त्यांनी ते कापडात घेतलं, खोबणीत ठेवलं, आणि वरचा चुना मीच लावला, या हातांनी. मोठ्या पाद्रीनं त्या जागेवर वाकून ओठ टेकले. मग आपल्या पाद्रीनं टेकले. त्यांच्यात प्रत्येक मिस्सेला, म्हणजे वेदीवरच्या पूजेला, तसं करतात. ज्यानं वीतभर जागा दिली नाही, तो तेव्हापासून रोज सकाळी त्या हाडाचा मुका घेतोय.

"म्हंजे आत..." राघो उठून बसला.

म्हणजे आत करंगळी. सांत बरणीतच राहिला आणि या पावसाळ्यात नातालबायच्या मुठीत घालून मी तिच्या शवपेटीत ठेवला, कुणाचं लक्ष नसताना. तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणाली, शेवटच्या दिवशी सांत त्याचा तुकडा मागायला नरकात माझ्याकडं येईल, तेवढाच भेटंल. आणि वेदीला चुना लावला त्या दिवशी इगर्जीतून बाहेर पडताना पायरीवर बसून मला म्हणाली, "काळू, कुनाचा का असंना, एका आईच्या पोराला जागा भेटली." मला वाटलं, बाई थकलीय, बरळतेय.

मी म्हटलं होतं ना, मानणार नाही? पण राघो मानत होता, त्याचे डोळे सांगत होते. मी पागोटं सारखं केलं. आता शेवट जरा रंगवावा, वेदीतून कधीकधी शीळ ऐकू येते असं काही सांगावं, म्हणून तोंड उघडलं.

ठमाबाईनं सूप आपटलं. सुकट सगळी बांधावर सांडली.

"उजव्या हाताची करंगली बोललास ना रं, काळूदादा? नखासकट?"

"हो. मग?"

"अरे खोटारड्या! उघाडीची फली पडली तवा जोकीमची उजवी करंगली तिथंच तुटली. मी पदरात गुंडालून नातालबायच्या हातात नेऊन दिली व्हती. तवा तो पाटी पन उचलत नव्हता. मरताना त्याला ती करंगली व्हतीच कुठं? तू कोनाचा बोट उचलून आनलास? आनि ती आई रं त्याची, तिला पायल्याबरोबर कलला नसंल?"