सासऱ्यांच्या मोरीतलं सिमेंट

माझे सासरे आयुष्यभर टपालावर शिक्के मारत होते, त्यामुळे जगातल्या सगळ्या विषयांत त्यांचा अधिकार आहे. त्यांच्या घरामागच्या उतारावरून दगड सुटून अंगणात यायला लागले, आणि तो उतार आवरायचं काम आमच्या ऑफिसकडे, म्हणजे नेमकं माझ्याच गळ्यात पडलं.

मी त्यांना समजावलं. वीतभर रुंदीची तिरपी भोकं पाडायची, ती सुट्या दगडांमधून खालच्या अखंड खडकात शिरवायची, आत जाड गज सोडून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं भरायचं. असे शंभरेक बारीक खांब वरून काँक्रीटच्या पट्टीनं एकत्र बांधले की दगड जागचे हलत नाहीत.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "टाचण्या टोचून डोंगर थांबत असेल, तर शिंप्याला बोलवायचं होतं. बरं, खडक किती खोल आहे?"

"सहा मीटर."

"कोण म्हणतं?"

"आमचे साहेब."

साहेबांनी डोंगर एकदा पाहिला होता. गाडीतून, काच न उतरवता.

भोकं पाडायचं मशीन एक बाई चालवायची. वीस वर्षं त्याच कामात. सगळे तिला ताई म्हणत. सहा मीटरला पोचल्यावर तिनं मशीन थांबवलं.

"हा खडक नाही, नुसता धोंडा आहे. खाली दांडा मोकळा सुटतोय. पोकळी आहे."

साहेब हसले. "ताई, अहवाल वाचलाय का तुम्ही?"

"नाही साहेब. डोंगरानंही वाचलेला दिसत नाही."

साहेबांनी सिमेंट सोडायला लावलं. मी गप्प बसलो. अकरा वर्षांच्या नोकरीत ती कला मला उत्तम साधली होती. पंप सकाळभर चालला, पण भोक काही भरेना. साहेब खूश. "बघा, डोंगर कसा मस्त पितोय!"

तेवढ्यात सासऱ्यांच्या घरून बायकोचा फोन आला. "लगेच घरी या. बाबा मोरीत अडकलेत."

धावत खाली गेलो. सासरे अंगाला साबण लावून कपडे धुवायच्या दगडावर उभे होते. मोरीच्या भोकातून राखाडी सिमेंट बुडबुडत वर येत होतं. एक चप्पल त्यात गडप झाली होती.

"या जावईबापू," ते म्हणाले. "तुमचा खडक आलाय."

मला हसू फुटणार होतं, पण मग डोक्यात हिशोब झाला. सहा मीटरवर खडक असता, तर हे सिमेंट इथे आलंच नसतं. म्हणजे उतारापासून या घरापर्यंत जमीन आतून पोखरलेली होती, आणि त्या घरात माझी माणसं झोपत होती.

वर जाऊन मी पंप बंद केला. "कोणाला विचारून?" साहेब ओरडले.

"कोणालाच नाही. तुम्ही आधी खाली चला."

चकचकीत बूट घालून साहेब मोरीच्या दारात उभे राहिले. सासऱ्यांनी, टॉवेल सावरत, त्यांना 'आत या' म्हणून आग्रहही केला. साहेब आत गेले नाहीत. "मी आधीपासून म्हणतोय, आणखी खोल जायला हवं," एवढंच म्हणाले.

ताईनं पुन्हा भोक पाडलं. अकरा मीटरला आवाज एकसारखा झाला, बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग बदलला. "हा खरा," ती म्हणाली. मग वाळू मिसळलेलं घट्ट मिश्रण थोडं थोडं, थर जमू देत भरलं. सगळे खांब तसेच केले. शेवटच्या दिवशी सासरे काठी टेकत वर आले, दोन-चार खांबांवर काठी आपटली आणि ताईला म्हणाले, "ठीक आहे. माझी परवानगी आहे."

ताईनं गंभीर चेहऱ्यानं त्यांचे आभार मानले.

त्या पावसाळ्यात आमचं काम जिथे संपत होतं, त्याच्या पलीकडचा उतार धडाधड खाली आला. सुदैवानं त्याच्या खाली मोकळा माळ होता. घरामागे एक खडाही हलला नाही. साहेबांचा दूरदृष्टीबद्दल सत्कार झाला. अहवालात मी ताईचं नाव घातलं, त्यांनी खोडलं, मी पुन्हा घातलं. दुसऱ्यांदा खोडायचा त्यांना कंटाळा आला असावा, कारण अहवाल छापून आला तेव्हा नाव तिथेच होतं.